तीन मिलिमीटरचा बुडबुडा

आजच्या समारंभाचे अध्यक्षस्थान भूषवणारे आपल्या कंपनीचे कार्यकारी संचालक माननीय कुरामोचीसान, व्यासपीठावर उपस्थित असलेले कारखान्याचे प्रमुख आणि कामगार संघटनेचे पदाधिकारी, विद्यापीठातून मुद्दाम आलेले मान्यवर, हा लाल-पांढरा पडदा ज्यांच्या देखरेखीखाली सरळ टांगला गेला त्या प्रशासन विभागाच्या प्रमुख नागातोमोसान, माझे आजी-माजी सहकारी, आणि मागच्या टेबलांवर माझ्या भाषणाआधीच कोंबडीच्या भज्यांना ज्यांनी हात घातला आहे ते टाकीघरातले मित्रहो,

आपण सर्वांनी माझा जो सत्कार केलात त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. सूत्रसंचालकांनी ओळख करून देताना मला ‘बुडबुड्यांचे काजितानी’ म्हटलं. सदतीस वर्षं नोकरी केल्यावर माणसाच्या नावापुढे बुडबुडे लागावेत यात तक्रार करण्यासारखं काही नाही, कारण मी दुसरं काही केलेलंच नाही. तीन लाख लिटरच्या टाकीत खालून हवा सोडली आणि मधल्या पात्यांनी ती ढवळली, की त्या हवेचे किती बुडबुडे होतात, ते कुठे जातात आणि टाकीतल्या जिवाणूंना त्यातून किती प्राणवायू मिळतो, एवढंच मी संगणकावर मांडत आलो. ते जिवाणू जे आम्ल बनवतात ते कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात जातं. म्हणजे समोरच्या भज्यांमध्ये माझाही थोडा वाटा आहे असं मी मानतो.

अध्यक्षांनी आत्ता जे स्मृतिचिन्ह माझ्या हाती दिलं ते आपण लांबून पाहिलं असेल. काचेचा ठोकळा आहे, आत टाकी कोरली आहे, आणि टाकीत बुडबुडे. फार सुंदर काम आहे. मघाशी खुर्चीत बसल्या बसल्या मी चष्मा वर करून ते नीट पाहिलं. सगळे बुडबुडे एकाच मापाचे आहेत. त्याबद्दल मला थोडं बोलायचं आहे, आणि त्यासाठी आपला थोडा जास्त वेळ घेणार आहे. ग्लासांत बिअर आधीच ओतून ठेवलेली आहे हे मला दिसतंय. तिचा फेस बसेल. बसू द्या. आज त्याचंही काम आहे.

पहिल्यांदा हे सांगतो, की हे गणित काय होतं. आज ज्यांच्या टेबलावरचा संगणक दुपारच्या जेवणापर्यंत उत्तर देतो त्या तरुण मंडळींना खरं वाटणार नाही, पण तेव्हा एका टाकीचं एक उत्तर यायला एकवीस दिवस लागत. टाकीचे मनातल्या मनात ऐंशी हजार चौकोनी तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला विचारायचं, तुझ्यात पाणी किती, हवा किती, दोन्ही कुठल्या बाजूला चाललीत? त्यात बुडबुडे फुटतात, एकमेकांना चिकटून मोठे होतात, पुन्हा फुटतात. ते सगळं गणितात घ्यायचं म्हटलं तर एकवीस दिवसांचे आठ महिने झाले असते. तेव्हा आमच्या विभागाचे प्रमुख होते आजचे अध्यक्ष, कुरामोचीसान. ते मला म्हणाले, “काजितानीकुन, सध्या एकच माप धर. पुढे बघू.” मी धरलं. तीन मिलिमीटर. त्या ओळीच्या पुढे मी संगणकात माझ्यासाठी एक शब्द लिहून ठेवला, ‘तात्पुरतं’. मागच्या आठवड्यात माझं टेबल रिकामं करताना पाहिलं, तो शब्द अजून तिथेच आहे.

ते तीन मिलिमीटर आले कुठून? ते हवेतून आणले नव्हते, हे नागातोमोसानसमोर सांगणं माझं कर्तव्य आहे. त्या वेळी त्या प्रयोगशाळेत होत्या. काचेच्या छोट्या टाकीत थोडं मीठ घातलेलं पाणी ढवळायचं, त्याचे फोटो काढायचे, आणि फोटोतला एकेक बुडबुडा पट्टीनं मोजायचा. सहा हजार दोनशे चौदा बुडबुडे मोजले बाईंनी. डोळ्यांत औषध घालून घालून मोजले. मधेच एकदा त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “सर, कॅमेरा काचेला टेकलेला आहे. मला दिसतात ते काचेजवळचेच बुडबुडे. मधले कसे आहेत कुणास ठाऊक. आणि खऱ्या टाकीत तर फेस मारायचं तेल पडतं, ते आपण घातलेलंच नाही.” मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “नागातोमोसान, तुम्ही मोजा.” माझ्या आयुष्यातलं सगळ्यात उर्मट वाक्य बहुधा तेच असावं, आणि ते मी अगदी गोड आवाजात बोललो.

आता आपापल्या ग्लासाकडे पाहा. मागच्या टेबलांवरच्या मंडळींनी विशेष पाहा. ज्यांनी भजी खाऊन ग्लासाला ओठ लावला आहे, त्यांचा फेस गेला असेल. तेलाचा एक पुसट डाग पुरतो. लहान बुडबुडे एकमेकांत मिसळतात, मोठे होतात आणि सरळ वर निघून जातात. खऱ्या टाकीतही हेच होतं. फेस उतू जाऊ नये म्हणून तेल घालतात, फेस बसतो, पण आतले बुडबुडे मोठे होतात. मग ते जिवाणूंसाठी थांबत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे हवा पात्यांभोवती साचते, पाती द्रवाऐवजी हवेतच फिरतात, आणि ढवळणं बंद पडल्यातच जमा होतं. हे भजी खाणाऱ्या कुणालाही समजेल. डॉक्टरेट मिळवलेल्या माझ्यासारख्याला समजलं नाही, किंवा समजूनही मी पुढे बघू म्हटलं.

या गणितावर विसंबून आपण पाच नंबरची टाकी बांधली. आणि तिच्या चालकांसाठी पुस्तक लिहिलं, तेही मीच. त्यात लिहिलं आहे की प्राणवायूचा काटा खाली आला तर हवा वाढवा. तीन मिलिमीटरच्या जगात ते अगदी बरोबर आहे.

पाच नंबरच्या टाकीचे मुख्य चालक होते त्सुकुदासान. त्सुकुदा इवाओ. नाव घेतल्यावर सभागृहात जी हालचाल झाली ती मला इथून दिसली. तरुणांनी ते नाव माणसाचं म्हणून ऐकलेलंच नाही. आपल्याकडे कुणी वरच्यांना न विचारता स्वतःच्या अकलेनं काही केलं की आपण म्हणतो, ‘याने त्सुकुदा केला’. वार्षिक सहलीत कुणी चुकीच्या बसमध्ये बसला तरी हशा पिकतो, त्सुकुदा केला. तो एक माणूस आहे. बुटका, रुंद खांद्यांचा, बोलताना नेहमी कानामागे पेन्सिल, आणि टाकीच्या पत्र्याला पाठ टेकवून उभं राहायची सवय. मी एकदा विचारलं होतं, असं का उभे राहता? म्हणाले, “पाठीला कळतं आत काय चाललंय ते.” मी हसलो होतो. पाठीचा आकडा कुठे लिहायचा?

बावीस वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरातली ती दुपार. दोन वाजता टाकीत तेल पडलं आणि प्राणवायूचा काटा खाली यायला लागला. दोन वाजून दहा मिनिटांनी त्सुकुदासाननी पुस्तकाच्या उलट केलं. हवा कमी केली. आणि मला फोन केला, कारण पुस्तक माझं होतं. म्हणाले, “काजितानीसान, पाती हवेत फिरताहेत. मोटारचा काटा पडलाय, आवाज बदललाय. मी हवा कमी केलीय, आता पाती पुन्हा धरायला लागलीत. पुस्तकात तेवढं बदलून घ्या.” अगदी सहज म्हणाले, दाराची कडी दुरुस्त करून घ्या म्हणावं तसं.

मी म्हणालो, “त्सुकुदासान, संगणकात असं होत नाही.”

मग ते म्हणाले, “तुमच्या संगणकाला कान आहेत का? इथे या. चारशे पावलांवर आहात. पाठ टेकवून बघा.”

मी गेलो नाही. आज इतक्या वर्षांनी कारण शोधतो तेव्हा तत्त्वाचं काही सापडत नाही. बाहेर ऊन होतं आणि टाकीघरात जायचं तर बूट बदलावे लागतात, शिरस्त्राण घालावं लागतं. शेजारी कुरामोचीसान उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, गणित काय म्हणतं? मी म्हणालो, हवा वाढवायला पाहिजे. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि हुकूम दिला. त्सुकुदासाननी हुकूम पाळला. दोन वाजून एकवीस मिनिटांनी हवा पूर्ण उघडली गेली, आणि तीन वाजेपर्यंत टाकीतले सगळे जिवाणू गुदमरून मेले. त्याचा वास गावात तीन दिवस होता. ज्यांची घरं खाडीच्या बाजूला आहेत त्यांना आठवत असेल.

(सूत्रसंचालकांची चिठ्ठी मिळाली, आभारी आहे. ‘वेळ’ असा एकच शब्द आहे. हो, तोच विषय चालू आहे.)

वेळ अकरा मिनिटांचा होता. दोन दहा ते दोन एकवीस. काटा ज्या कागदावर रेघ ओढत असतो त्यावर ती अकरा मिनिटं स्वच्छ दिसतात. त्सुकुदासाननी हवा कमी केल्याबरोबर प्राणवायूची रेघ वर चढायला लागली होती. अकरा मिनिटं ती चढत होती, आणि आम्ही हुकूम दिल्यावर खाली कोसळली. शाळेतल्या मुलाला दाखवला असता तरी त्याने सांगितलं असतं कोण बरोबर होतं ते.

मग अहवाल लिहायचं ठरलं, आणि तो मी लिहिला. लिहिण्याआधी मी एक गोष्ट केली, ती मागच्या रविवारपर्यंत कुणाला माहीत नव्हती, कुरामोचीसान सोडून. संगणकात तिनाऐवजी आठ मिलिमीटर घातले. एकवीस दिवसांनी उत्तर आलं. पडद्यावर हवेचा एक खांब, तळापासून वरपर्यंत, पाती त्याच्या आत. जे त्सुकुदासानच्या पाठीला एका मिनिटात कळलं होतं ते. मी तो कागद घेऊन कुरामोचीसानकडे गेलो.

मला इथे न्यायानं बोललं पाहिजे. कुरामोचीसान, तुम्ही मला धमकावलं नाहीत. तुम्ही मला दुपारी जेवायला नेलंत, काबोसु लिंबू पिळलेला फुगू मासा खाऊ घातलात, आणि फार समजूतदारपणे म्हणालात, “काजितानीकुन, त्या तीनवर नऊ जणांचे शिक्के आहेत. सहा आणि सात नंबरच्या टाक्या त्याच तीनवर बांधायला दिल्यात. तू आज आठ म्हणालास तर नऊ माणसं खोटी पडतात. त्सुकुदा एकटा आहे.” मग तुम्ही माझ्या ताटात आणखी एक तुकडा वाढलात. मी तो खाल्ला. चांगला होता, हेही मला आठवतं.

अहवालात मी लिहिलं की चालकानं स्वतःच्या समजुतीनं हवा कमी केल्यामुळे जिवाणूंचा श्वास कोंडला. आणि त्या अकरा मिनिटांचं काय करायचं? त्यासाठी मी एक वाक्य शोधून काढलं. दोन दिवस लागले मला ते वाक्य शोधायला. ‘या काळात दिसणारी वाढ हा मापकाचा दोष समजावा.’ मापक बिचारं काय बोलणार?

आता शिक्क्यांबद्दल. अहवालाच्या वर, सहीऐवजी ज्याच्या-त्याच्या नावाचा शिक्का मारायला, चौकटींची रांग असते. डावीकडे सगळ्यात मोठा अधिकारी, उजवीकडे लिहिणारा. आपल्याकडची रीत विद्यापीठातल्या पाहुण्यांनाही ठाऊक असेलच. खालच्या माणसानं आपला शिक्का सरळ मारायचा नसतो. थोडा डावीकडे कलता मारायचा, म्हणजे तो वरच्याच्या शिक्क्याला वाकून नमस्कार करतो. माझ्या शिक्क्याचा नमस्कार विभागात नावाजलेला होता. नव्या मुलांना माझा कागद दाखवून सांगायचे, असा मारा, इतका कलता, याहून जास्त लाचार दिसतो. त्या दिवशी मी फार सुरेख कलता शिक्का मारला.

घटनेतला चालक म्हणून त्सुकुदासानचाही शिक्का हवा होता. शिवाय त्यांच्याकडून हातानं माफीपत्र लिहून घेतलं गेलं, ते वेगळं. ते कचेरीत आले, अहवाल उभ्यानं वाचला, खिशातून शिक्का काढला, लाल शाईत दाबला आणि मारला. ते गेल्यावर आम्ही पाहिलं तर शिक्का उलटा होता. नाव डोक्यावर उभं. कचेरीत सगळे हसले. कुरामोचीसान म्हणाले, “या माणसाला शिक्कासुद्धा धड मारता येत नाही.” दुसऱ्या प्रतीवर पुन्हा मारून घ्यायचा का, असं कुणीतरी विचारलं, तर ते म्हणाले, जाऊ द्या, खाली वर काय, नाव तर आहे. मीही हसलो. अध्यक्षांपेक्षा थोडं कमी हसलो, कारण तशी रीत आहे.

पुढचं आपल्याला माहीत आहे, किंवा माहीत नाही. त्सुकुदासानना टाकीघरातून काढून धक्क्यावर मळी उतरवायला पाठवलं. कंपनीच्या वसाहतीत सफाईच्या पाळीचा तक्ता असतो, त्यातून एके दिवशी त्यांच्या घराचं नाव गेलं. कुणी काढलं हे कुणी सांगेना. नाव गेलं म्हणजे सफाईला बोलवत नाहीत, आणि सफाईला बोलवत नाहीत म्हणजे कुणी बोलतच नाही. त्यांच्या पत्नीनं चौदा महिने ते सोसलं. मग दोघं वसाहत सोडून डोंगराकडच्या गावात गेली, भावाच्या काबोसुच्या बागेत. आणि नव्या कामगारांच्या प्रशिक्षणाच्या वहीत ‘प्रकरण सहा’ आलं, चालकाच्या चुकीचा धडा म्हणून. ते दर एप्रिलमध्ये वाचलं जातं. एकवीस वर्षं मी ते स्वतः शिकवलं आहे. या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी माझ्या तोंडून ते ऐकलं आहे.

याहून गमतीची गोष्ट टाकीघरातल्या मित्रांना माहीत आहे, म्हणून ते आत्ता ताटात पाहताहेत. पाच नंबरच्या टाकीत तेल पडलं की आजही हवा कमी केली जाते. सहा नंबरला आणि सात नंबरलाही. पाळीच्या नोंदवहीत मात्र लिहितात, पुस्तकाप्रमाणे वाढवली. मला गेली अठरा वर्षं हे माहीत आहे. मोटारच्या काट्याचे कागद माझ्याकडे येतात, मला वाचता येतात. कारखाना चालतो त्सुकुदासानच्या पाठीवर, आणि सत्कार होतो माझा.

तुम्ही विचाराल, अठरा वर्षं माहीत होतं तर काय केलंत? तीन वेळा अर्ज केला, प्रकरण सहा वहीतून काढून टाका म्हणून. तिन्ही वेळा पिवळी चिठ्ठी लागून परत आला, योग्य वेळी विचार करू. हे सांगताना मला मोठेपणा वाटावा असं काही नाही, कारण त्या तिन्ही अर्जांवर माझा शिक्का कलता होता. चुकीची कबुली देतानाही मी वाकून नमस्कार केला होता. आणि आज निवृत्तिवेतन मंजूर झाल्यावर, घरी जायच्या दिवशी, ध्वनिक्षेपक हातात आल्यावर मला शौर्य सुचतंय. याची लाज वाटते. खरंच वाटते. पण लाजेसाठी गप्प बसलो तर आणखी वीस एप्रिल जातील.

मागच्या रविवारी मी त्या डोंगराकडच्या गावात गेलो. बरोबर मिठाईचा खोका, चांगल्या कागदात बांधलेला. त्सुकुदासान आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. बागेत शिडीवर होते. मला पाहून उतरले नाहीत, पण शिडी धरायला लावली. मग पाऊण तास मी शिडी धरून उभा होतो आणि ते फळं काढत होते, आणि खालून मी जे बोलायचं ते बोललो. तीन मिलिमीटर, आठ मिलिमीटर, फुगूचं जेवण, अकरा मिनिटं, सगळं.

शेवटी ते खाली आले, हात पुसले आणि म्हणाले, “सांगितलंत ते बरं केलंत. पण मला सांगून काय उपयोग? मला तर पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा.”

घरात त्यांच्या पत्नीनं चहा ठेवला. खोका मात्र उघडला नाही, तसाच माझ्या बाजूला सरकवून ठेवला. निघताना मी बूट घालत होतो तेव्हा त्सुकुदासान दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, “तो शिक्का मी उलटा मारला होता.”

मी म्हटलं, आठवतंय.

“मान्य नसलेल्या कागदावर मारायची पाळी आली तर माणूस उलटा मारतो. माझ्या वडिलांनी बंदरावर तसाच मारला होता. मला वाटलं, कचेरीत इतकी शिकलेली माणसं आहेत, कुणीतरी विचारेल, त्सुकुदा, हा उलटा का? मी वर्षभर वाट बघितली. मग बायकोला म्हटलं, चल.”

मित्रहो, आम्ही नऊ जण त्या कागदाकडे पाहत होतो. कलतेपणा किती अंशाचा असावा हे आम्ही जाणत होतो. उलटा शिक्का म्हणजे काय, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नसेल असं मला वाटत नाही. आपल्या आजोबांनी, बापांनी कुठे ना कुठे तो मारलेला असतो. पण चालकाला तेवढी अक्कल असेल, हे आमच्या डोक्यात आलं नाही. तो चुकला असेल, असंच आम्हाला वाटलं. चालक चुकतो, हेच तर आम्ही त्या अहवालात लिहिलं होतं.

म्हणून आज सर्वांसमक्ष सांगतो. पाच नंबरच्या टाकीत त्सुकुदा इवाओ यांचं काहीही चुकलं नव्हतं. मापकातही दोष नव्हता. चूक माझ्या गणितात होती, ती मला कळली होती, आणि कळल्यावर मी ती लपवली. कुरामोचीसान, हे आपल्या अध्यक्षतेखाली बोलतोय याचा मला संकोच वाटत नाही, कारण आपल्याला यात नवीन काहीच नाही. आपण पाणी प्या. मी थांबतो.

एकच विनंती आहे. येत्या एप्रिलमध्ये प्रकरण सहा शिकवायचंच असेल तर जरूर शिकवा, पण त्या अकरा मिनिटांचा कागद मुलांच्या हातात द्या आणि माझं नाव घेऊन शिकवा. आणि सहलीत कुणी चुकीच्या बसमध्ये बसला तर त्याने काजितानी केला असं म्हणा. मला चालेल. हे काचेचं स्मृतिचिन्ह मी घरी नेत नाही, प्रशिक्षणाच्या खोलीत ठेवा. ज्या टाकीत सगळे बुडबुडे सारखे असतात ती कशी दिसते, ते मुलांना एकदा दाखवून ठेवलेलं बरं.

आता आभार मानून संपवतो. पुढच्या महिन्यापासून आपल्याकडे शिक्के बंद होत आहेत, सगळी मंजुरी संगणकावर. नव्या प्रणालीत शिक्का कलता करायची सोय आहे, ती मुद्दाम मागून घेतली म्हणे. मी संगणक विभागात जाऊन विचारलं, उलटा करता येईल का? त्या मुलानं सगळी बटणं दाबून पाहिली आणि म्हणाला, नाही सर, तशी गरज कुणी सांगितली नाही.

तेव्हा कागदावरचा कदाचित शेवटचा शिक्का आज सकाळी मी मारला. हा सत्कार मला मान्य आहे अशा अर्थाचा एक अर्ज असतो, तो नागातोमोसान घेऊन आल्या. ओळीत पहिला अध्यक्षांचा शिक्का, ताठ. शेवटची चौकट माझी. मी शाईत दाबला आणि मारला. उलटा. बाईंच्या हातात दुसरा कोरा अर्ज तयार होता, कारण त्या कधीच एक प्रत घेऊन येत नाहीत. मला वाटलं, म्हणतील, सर, चुकून उलटा पडला, हा घ्या दुसरा. त्या बराच वेळ त्या चौकटीकडे पाहत राहिल्या. काचेजवळचे सहा हजार दोनशे चौदा बुडबुडे मोजलेले डोळे आहेत ते. मग त्यांनी कोरा अर्ज दुमडून खिशात घातला आणि म्हणाल्या, “शाई वाळू दे, सर. मग फाइलला लावते.”

नागातोमोसान, आपले आभार. टाकीघरातल्या मंडळींचे आभार, त्यांनी बावीस वर्षं टाक्या जिवंत ठेवल्या. आपण सर्वांनी फेस बसेपर्यंत ऐकून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्याच्या भरात शब्दांत काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनानं सांभाळून घ्या. आकड्यात जे कमीजास्त झालं ते मात्र सांभाळून घेऊ नका. ते बावीस वर्षं आपण सांभाळूनच घेतलं आहे.